कॅम नवा, रॉकर जुने

इंजिन बांधून झालं आणि हातात एखादा नट उरला, तर गॅरेजची बदनामी होते. म्हणून आमच्याकडे नट उरत नाही. किस्सा मात्र दर इंजिनामागे एक तरी उरतो. नट डब्यात टाकता येतो, किस्सा कुठे टाकणार? तो पोळ्या लाटताना आठवतो, ओवीला औषध पाजताना आठवतो आणि कुणी भेटलं की तोंडातून निसटतो. आज सांगते ते बहुतेक एकाच इंजिनाचे आहेत. आता हसू येतं, पण तेव्हा त्यातल्या एकाही दिवशी माझा जीव ठिकाणावर नव्हता.

आमचं गॅरेज इंदूरला, बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. खाली गॅरेज, वर आम्ही. आम्ही म्हणजे माझे सासरे नाना, ज्यांनी हे गॅरेज काढलं. हे, म्हणजे माझे मिस्टर समीर, ज्यांना सगळी गल्ली समीर भिया म्हणते. मी आणि आमची अडीच वर्षांची ओवी. शिवाय जोशी सर. ते राहतात दुसरीकडे, पण असतात आमच्या बाकावर. पुण्याहून नोकरीला आलेत, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात.

आमच्या यांची एक जुनी दीडशे सीसीची मोटारसायकल आहे. पीथमपूरच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ पट्टी आहे. हिवाळ्यात एका रविवारी तिथे रीतसर परवानगीने स्पीडच्या शर्यती होतात. एकेकाने सुटायचं, जीव खाऊन सरळ जायचं, घड्याळ लावून वेळ मोजतात. यंदा हे उतरणार होते. इंजिन स्वतः बांधून, वर स्वतः बसून.

* * *

लग्न होऊन आले तेव्हा रॉकर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. सातवीला शाळा सुटली, आणि सातवीपर्यंत तरी हे शिकवत नाहीत.

नानांनी जेवताना समजावलं. वाटीच्या काठावर चमचा आडवा ठेवला आणि एक टोक खालून बोटाने उचललं. दुसरं टोक खाली गेलं. म्हणाले, हा चमचा म्हणजे रॉकर. बागेत पोरांचा सी-सॉ असतो तसा. खाली एक दांडी फिरते, तो कॅम. त्याला अंड्यासारखा फुगवटा असतो. फुगवटा वर आला की या टोकाला ढुशी बसते, आणि त्या टोकाने वॉल्व दाबला जातो, उघडतो. मिनिटाला हजारो वेळा.

मी विचारलं, आणि चमचा तुटला तर?

नानांनी चमचा पुसला. म्हणाले, "वरण वाढ, बेटा."

उत्तर पुढे जोशी सरांनी दिलं. तुकडा इंजिनाच्या आतल्या चेनमध्ये गेला की इंजिन जाम, इंजिन जाम की मागचं चाक जाम, आणि गाडी तेव्हा जोरात असेल तर मग विचारूच नका. हे सगळं सरांनी अगदी खुशीत सांगितलं. शिक्षक आहेत, कुठलीही गोष्ट समजावताना त्यांचा चेहरा फुलतो.

* * *

ओवीला बाळदमा आहे. तिच्या छातीवर कान ठेवून ठेवून माझे कान असे झालेत की शिट्टी यायच्या आधीच मला कळतं. श्वासाच्या शेवटी बारीकसं काहीतरी अडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं आधी ओळखलं तर औषध लवकर लागू पडतं. म्हणून मी सतत ऐकत असते. ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं.

एकदा खाली कुणाची तरी गाडी चालू होती. मी वरून भांडी घासता घासता ओरडले, अहो, या गाडीचं एक टॅपेट ढिलं आहे, रॉकर आणि वॉल्वमधली फट वाढलीय. खाली हसण्याचा कल्लोळ उठला. गिऱ्हाईक म्हणालं, "भिया, अब भाभी भी सर्विसिंग करेंगी क्या?"

नानांनी गाडी बंद करून इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि फटीत पट्टी घालून पाहिली. एक फट खरंच जास्त निघाली. मग जिन्याखाली येऊन उभे राहिले.

"कुठलं?"

मी म्हटलं, ते मला काय माहीत नाना, पण दोन आवाजांतला एक उशिरा येतोय.

गिऱ्हाईक त्यानंतर आमच्याकडे आलं की आधी वर बघून नमस्कार करतं.

* * *

मग कॅम आला. साधा नाही, रेसिंगवाला. याचा फुगवटा उंच, त्यामुळे वॉल्व जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. वॉल्व मिटवणाऱ्या स्प्रिंगाही कडक लावाव्या लागतात. म्हणजे रॉकरवर वरूनही मार आणि खालूनही. यांनी तो खोक्यातून काढून असा दोन्ही हातांत धरला, की ओवीलाही पहिल्या दिवशी इतकं जपून धरलं नसेल.

भांडण त्याच संध्याकाळी सुरू झालं. कॅम नवा, मग रॉकर बदलायचे की नाही?

हे म्हणाले, रॉकरला काय झालंय? घासून पॉलिश मारतो. कंपनीने टेस्ट करूनच दिलेत.

नाना म्हणाले, "कंपनीने कंपनीच्या कॅमसाठी दिलेत. जुना रॉकर म्हणजे वापरलेली चप्पल, भिया. एका पायाने दबून बसलेली. तीत दुसऱ्याचा पाय घातलास तर चप्पलही जाते आणि पायालाही फोड येतो."

सर म्हणाले, अगदी बरोबर, नवीनच पाहिजेत, आणि टोकाला बारीक चाक असलेले रोलरवाले मिळाले तर फारच उत्तम, म्हणजे घासणं नाही, नुसतं फिरणं. यांचं तोंड पडलं. ते पाहून सर म्हणाले, पण रोलरवाले जड असतात, फार वर पळवलं की ते वजनच नडतं, तेव्हा समीरचंही बरोबर आहे. आता नानांचं तोंड पडलं.

नानांनी विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुणाच्या पार्टीचे?"

"मी अभ्यासक आहे," सर म्हणाले आणि चहा संपवून घरी गेले.

* * *

आमच्या गॅरेजात एक रीत होती. बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायचं ते गणपतीकडे तोंड करून. उदबत्ती लावायची, आरती म्हणायची, आणि आरती संपेपर्यंत गाडी अगदी मंद चालू ठेवायची. ॲक्सिलेटरला कुणी हात लावायचा नाही. नानांचं म्हणणं, पहिला श्वास शांतच घ्यावा. वर्षानुवर्षं हजार गाड्या अशाच चालू झाल्या, एकीलाही काही झालं नाही.

शेवटी यांनी रॉकर जुनेच बसवले, म्हणून या गाडीला जास्तच भक्ती. नानांनी एक आरती म्हटली, मग दुसरी, मग देवीची, मग शंकराची. जोशी सरांना मंत्रपुष्पांजली पाठ, त्यांनी ती सावकाश, पुण्याच्या उच्चारात म्हटली. गाडी आपली धक्-धक् करत उभी.

मला तिसऱ्या आरतीला ऐकू आलं. आत काहीतरी कोरडं घासत होतं. सहाणेवर चंदन उगाळताना पाणी संपलं की जसा आवाज येतो, तसा. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे मिटलेले. आरतीत मधेच कसं बोलायचं? मी टाळ्या वाजवत राहिले. माझ्याच घरात, माझ्याच माणसाच्या गाडीबद्दल बोलायचं सोडून, मी टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. नव्या कॅमच्या फुगवट्यावर चरे, रॉकरच्या तोंडावर तसेच चरे. सरांनी कारण सांगितलं. उंच कॅम, कडक स्प्रिंगा आणि इंजिन मंद. मंद चालताना तेल वरपर्यंत पुरेसं चढलंच नाही. अशा कॅमला पहिली काही मिनिटं जरा पळतं ठेवायचं असतं.

नाना पुष्कळ वेळ तो कॅम हातात फिरवत बसले. मी म्हटलं, नाना, मला ऐकू आलं होतं. ते माझ्याकडे बघेनात. शेवटी उठले, देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती उचलून बाजूच्या फळीवर ठेवली.

"यापुढे आधी इंजिन, मग आरती. देवाला थांबता येतं."

* * *

दुसरा कॅम सरांनी पुण्याहून ओळखीतून मागवला, तो लगेच आला. त्याबरोबर सरांनी स्वतःच्या मोटारसायकलसाठी रोलरवाले रॉकर मागवले. त्यांच्या गाडीचं मॉडेल वेगळं, तो सेट आमच्या गाडीला बसणार नव्हता. आमच्या मापाच्या सेटला दुकानदाराने तीन आठवडे सांगितले. शर्यत बारा दिवसांवर.

सरांनी आपले रॉकर बसवून घेतले. कॅम मात्र कंपनीचाच ठेवला, मायलेज जाईल म्हणून. आठ दिवस चालवून आले आणि हिरमुसून म्हणाले, काहीच फरक वाटत नाही.

नानांनी विचारलं, गाडी कुठे कुठे नेता?

सर म्हणाले, कॉलेज आणि भाजी मार्केट.

"म्हणजे पैठणी नेसून भाजीला जाता," नाना म्हणाले. "भाजीवाला मेथी तीच देणार, सर."

सर हसले. मला हसू आलं नाही. ज्यांना गरज नाही त्यांच्या गाडीत नवे रॉकर होते, आणि ज्या गाडीवर माझा माणूस बसणार होता तिच्यात, चरे पडलेल्यांच्या जागी, एका भंगार गाडीतून काढून घासून चकचकीत केलेले जुने. चकचकीत तर चमचाही करता येतो.

मी यांना म्हटलं, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी जा. हे म्हणाले, आज चार वर्षं मी पुढच्या वर्षीच जातोय. ओवी झाली तेव्हा नाही गेलो, तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा नाही गेलो. आणि मग अगदी हळू म्हणाले, "एकदा जाऊ दे मला, वर्षा."

मी धुणं घ्यायला गच्चीवर गेले.

* * *

नवा कॅम या वेळी इंजिन नीट पळतं ठेवून रुळवला आणि मग आम्ही तिघं खजरान्याच्या गणपतीच्या दर्शनाला निघालो. ओवी मधे.

रेसिंग कॅमचं असं आहे की गाडीला हळू चालताच येत नाही. पळवली तर सुसाट, हळू केली की आचके देते. आणि खजरान्याच्या रस्त्याला सगळं हळूच चालतं. रिक्षा, हारवाले, नारळवाले, नवी कोरी गाडी पूजेला आणणारे. आमची गाडी धाप लागल्यासारखी थांबत, उसळत चाललेली. सिग्नलला तर बंदच पडली. मागून एक जण म्हणाला, "क्या भिया, गाड़ी को खाँसी हो री है?"

हे घामाघूम होऊन किक मारताहेत. ओवीने पाठीमागून बाबांचा शर्ट ओढला आणि फार काळजीने सांगितलं, "बाबा, गाडीला मास्क लावा. वाफ द्या."

आजूबाजूचे सगळे हसले. हेही हसले. मी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत गणपतीला तिथूनच, रस्त्यातूनच हात जोडले. म्हटलं, पोरीचं ऐक.

* * *

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी गाडीची चावी लपवली. तांदळाच्या डब्यात, पार तळाशी.

सकाळी कुणी चावी मागितली नाही. मला वाटलं, विसरले. जरा बरं वाटलं. एवढ्यात खाली गाडी चालू झाली. हे दोन वायरी जोडून मोकळे झाले होते.

नाना जिन्यात भेटले. म्हणाले, "हलवायाच्या घरात साखर लपवतेस होय? चल, तांदूळ तरी नीट निवडून घाल, चावी शिजेल."

मग म्हणाले, तूही चल. घरी बसून तू मरशील, त्यापेक्षा तिथे येऊन मर.

असं बोलतात आमचे नाना. मी ओवीचं औषध, वाफेचं मशीन, पाण्याची बाटली, टोपी, दुसरी टोपी, सगळं पिशवीत भरलं आणि गेले. सर आपल्या कारने आम्हाला घेऊन गेले. वाटेत त्यांनी एकही गोष्ट समजावून सांगितली नाही. तेव्हा मला कळलं की सरांनाही भीती वाटतेय.

* * *

आणि आता पट्टीवरचा किस्सा.

तिथे एक नियम असतो. प्रत्येक गाडीचा एक मेकॅनिक फॉर्मवर लिहावा लागतो. गाडी लाइनीत लागली की चालवणाऱ्याशिवाय फक्त त्या एकालाच जवळ जाता येतं. आणि त्याने हात वर केला, तर गाडी मागे घ्यावीच लागते, चालवणारा काहीही म्हणो. यांनी फॉर्मवर मेकॅनिक म्हणून स्वतःचंच नाव घातलं. तिथल्या माणसाने ते खोडलं. गळ्यात शिट्टी अडकवलेला, उन्हाने रापलेला गृहस्थ होता. म्हणाला, चलानेवाला अलग, मैकेनिक अलग. हे म्हणाले, बाद में लिखता हूँ. आणि जागा कोरीच राहिली.

पहिली फेरी झाली. हे गेले आणि आले, एवढंच मला सांगता येईल, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा हे हेल्मेट काढून हसत होते. दुसरा नंबर होता. पहिल्यात आणि यांच्यात इतका कमी फरक की सरांनी आकडा दोनदा वाचून दाखवला. शेवटची फेरी उरली होती. लग्नानंतर यांना असं हसताना मी मोजून दोनदा पाहिलं असेल.

हे शेवटच्या फेरीला लाइनीत लागले. पुढे तीन गाड्या. आम्ही दोरीच्या अलीकडे. ओवी नानांच्या खांद्यावर.

गाडी आचके देत उभी होती. टक-टक, टक-टक. मी ऐकत होते. टक-टक, टक-टक, टक-टिक. मला वाटलं, भास. मनात भीती म्हणून. मी ओवीच्या पायाला हात लावला आणि पुन्हा ऐकलं. टक-टक, टक-टिक. श्वासाच्या शेवटी अडतं तसं काहीतरी.

पुढे दोन गाड्या राहिल्या.

मी दोरीवरून वाकून हाक मारली. सांगितलं, वरून आवाज येतोय, रॉकरचा आवाज आहे. यांनी हेल्मेटची काच वर केली. म्हणाले, अगं हा कॅमचाच आवाज आहे, रेसिंग कॅम असाच वाजतो. आणि काच खाली केली.

सरांना विचारलं. सर म्हणाले, असू शकतो, नसूही शकतो.

नानांना विचारलं, "नाना, तुम्हाला ऐकू येतंय?"

नानांचे कान चाळीस वर्षांच्या सायलेन्सरांनी खाल्लेत. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. मग मान हलवली.

"मला नाही येत, बेटा. तुला येतंय ना?"

पुढे एक गाडी राहिली. ती सुटली. यांनी पहिला गिअर टाकला.

मी दोरीखालून गेले. साडी दोरीला अडकली, ती तशीच ओढली. शिट्टीवाला धावत आला, ओ बहनजी, कहाँ, इधर सिर्फ मैकेनिक. मी हात वर केला.

"मैकेनिक मैं हूँ."

त्याने फॉर्म पाहिला. जागा कोरी. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या एका हातात ओवीची टोपी होती. मग वळून यांना विचारलं, "भिया, ये आपकी मैकेनिक हैं?"

हे समोर बघत होते. पट्टी सरळ, पार टोकापर्यंत मोकळी. झेंडावाला झेंडा उचलायच्या बेतात. काचेतून मला यांचे डोळे दिसत नव्हते. क्लच धरलेला हात तेवढा दिसत होता. मी हात खाली घेतला नाही.

यांनी अंगठ्याने स्विच दाबला. गाडी बंद झाली.

ढकलत बाजूला घेतली. नानांनी ओवीला सरांकडे दिलं आणि स्वतः झाकण खोललं. गरम होतं, बोटं भाजली असतील, पण हात मागे घेतला नाही. एक रॉकर काढून फडक्यावर ठेवला, दुसरा काढला, उन्हात धरला. त्याच्या मानेपाशी एक केस पडलेला दिसत होता. नानांनी फुंकर मारली. केस उडाला नाही. फडक्याने पुसला. तरी तो तिथेच, तो तडा होता.

यांनी तो रॉकर हातात घेतला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि मूठ मिटली. हेल्मेट अजून डोक्यातच होतं.

एवढ्यात शिट्टीवाला फॉर्म घेऊन आला. त्याला घाई होती, मागे गाड्या थांबल्या होत्या.

"भिया, आपका एक राउंड बाकी है. गाड़ी वापस लाइन में लगेगी या नाम काटूँ?"

यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मैकेनिक से पूछो."